औषधाचा खाडा

नेमाने चालणाऱ्या गोष्टीत पडलेल्या खंडाला मराठीत दोन जुने शब्द आहेत. एक ‘खाडा’ आणि दुसरा ‘नागा’. पहिला आपल्या मातीतला, दुसरा फारसी दफ्तरांच्या वाटेने आपल्या घरात शिरलेला. आणि फारुकी सुलतानांपासून मोगलांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या फारसी कारभार पाहिलेल्या आमच्या खानदेशात हे दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने बोलले जातात. जिनिंगमधल्या मजुराचा खाडा मुकादम हजेरीपटावर मांडतो आणि त्या दिवसाची मजुरी कापतो. दुधाचा नागा गृहिणी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फुली मारून टिपते आणि महिनाअखेरीस हिशेब वळता करून घेते. परंतु औषधाचा खाडा कोणी मांडावा, कोणत्या वहीत मांडावा, आणि मुख्य म्हणजे तो कोणाच्या नावे पडावा, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मुलखात शतकानुशतके एकाच प्रकारे दिले गेले आहे: खाडा रोग्याचा, दोष रोग्याचा, आणि शिक्षाही रोग्यालाच. हा शिरस्ता अन्यायाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठी खानदेशातील त्वचारोगांच्या उपचारांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहणे अवश्य आहे.

त्वचारोगांतही इसब हा विकार या चर्चेला विशेष लागू पडतो. इसब माणसाचा जीव घेत नाही, त्याची झोप घेतो. एका मात्रेने जात नाही, आणि गेल्यासारखा वाटला तरी गेलेला नसतो. तो संसर्गजन्य नाही, तरी पाहणाऱ्याच्या मनात संशय उत्पन्न करतो. ज्या रोगात मरणाचे भय नाही पण औषध मात्र दीर्घकाळ घ्यावयाचे आहे, त्या रोगात खाडा पडणे हा अपवाद नसून जवळजवळ नियमच ठरतो. आणि उपचारकर्त्यांना याची जाणीव फार प्राचीन काळापासून होती.

आयुर्वेदात ‘कुष्ठ’ ही संज्ञा आजच्यासारखी एकाच रोगाला वाहिलेली नव्हती. चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार मानले, त्यांतील सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे, आणि या क्षुद्रकुष्ठांत गणलेली ‘विचर्चिका’ म्हणजेच आपला इसब असे वैद्य सामान्यतः मानतात. मला या शास्त्रात सर्वांत लक्षणीय वाटते ती औषधांची यादी नव्हे, तर वेळापत्रक. कुष्ठाच्या रोग्याला दर पंधरवड्यास वमन द्यावे, दर महिन्यास विरेचन द्यावे, दर तिसऱ्या दिवशी नस्य द्यावे आणि वर्षातून दोनदा थोडे रक्त काढावे, असा क्रम सुश्रुतसंहितेने घालून दिला आहे. म्हणजे हा रोग एका फटक्यात हटत नाही, त्याच्याशी तिथीवार व्यवहार ठेवावा लागतो, हे त्या ग्रंथकारांनी पक्के ओळखले होते. खदिराला, म्हणजे खैराला, चरकाने कुष्ठघ्न द्रव्यांत अग्रस्थान दिले, आणि आमच्या सातपुड्याच्या उतारावर खैर विपुल. बावची, करंज, कडुनिंब, टाकळा ही नावे तर खानदेशातील कोणत्याही म्हाताऱ्या बाईच्या तोंडी असत. द्रव्यांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती सवडीची. पंधरवड्यापंधरवड्याने वमन घेऊन दोन दिवस पथ्यावर पडून राहणे हे ज्याच्या घरी धान्याची कणगी भरलेली आहे त्याला शक्य. ज्याला रोज सकाळी दुसऱ्याच्या बांधावर उभे राहावयाचे आहे त्याला नव्हे. वैद्याने दिलेली पुडी गुण देईना की वैद्य म्हणे, “पथ्य मोडले असेल”. आणि बहुधा ते खरोखरच मोडलेले असे.

शास्त्राचे वेळापत्रक ज्याला पाळता आले नाही, त्याने तीर्थाचे वेळापत्रक पत्करले. चोपडे तालुक्यात, अडावदच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेव नावाचे उष्ण पाण्याचे स्थान आहे. गोमुखातून बारा महिने ऊन पाणी वाहते आणि खालच्या कुंडात साठते. शरभंग ऋषींना जडलेल्या त्वचाव्याधीवर उपाय म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हा झरा निर्माण केला, अशी तेथील आख्यायिका आहे. शरभंगाच्या आश्रमाचा मान सांगणारी स्थळे देशात आणखीही आहेत, आणि त्यांच्यात निवाडा करण्याचे मला प्रयोजन नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, लोकांच्या कल्पनेने या झऱ्याचा संबंध आरंभापासून कातडीच्या रोगाशी जोडला. तापीकाठच्या गावांतून खरूज, नायटा आणि इसब झालेली माणसे पौषातल्या यात्रेला येथे येत, कुंडात स्नान करीत, आणि परत जात. खरजेच्या माणसाला ऊन पाण्याने आणि कपडे धुऊन निघाल्याने थोडा आराम पडत असेल हे मी मान्य करतो. इसबाच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे: कढत पाणी इसबाचे मित्र नव्हे, ते कातडीतील स्निग्धता हरण करते, आणि स्नानानंतर घटकाभर वाटणारे सुख रात्री दुप्पट कंडूच्या रूपाने वसूल होते. तरीही या प्रथेत एक शहाणपण होते. यात्रा पौषात भरे, जेव्हा खरिपाचे धान्य घरात आलेले असे आणि वाटा कोरड्या असत. वर्षातून एकदाच का होईना, पण ज्या वेळी माणसाला येता येईल त्याच वेळी तीर्थाने त्याला बोलावले. औषधाचा दिवस रोग्याच्या सवडीवर बसवण्याचे हे तत्त्व पुढे फार काळ कोणाला सुचले नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे खानदेशचा कारभार आला, आणि पांझरेकाठी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. पुढे दवाखाने निघाले, डॉक्टर आले, नोंदवह्या आल्या. १८६० च्या सुमारास आगगाडी जळगावात पोचली, १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला, आणि १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जे आज जळगाव व धुळे (आणि १९९८ पासून नंदुरबार) या नावांनी नांदत आहेत. ज्याच्या घरापासून रूळ दूर होते, त्याच्यापासून दवाखानाही तितकाच दूर राहिला. येथे मला एका विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. याच सरकारच्या महसुली दफ्तरात, शेतसाऱ्याचा हप्ता चुकला तर त्यामागचे कारण पाहण्याची पद्धत होती. दुष्काळ पडला, आणेवारी खाली गेली, तर वसुलीला तहकुबी मिळे, प्रसंगी सूट मिळे. ही सवलत अनेकदा उशिरा आणि हात आखडून दिली जाई, आणि संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, ज्या दुष्काळाला आमच्याकडचे लोक ‘छप्पनचा काळ’ म्हणत, त्यात रयतेचे किती हाल झाले हे सर्वश्रुत आहे. तथापि चुकलेल्या हप्त्याला काही कारण असू शकते, हे तत्त्व तरी दफ्तरात नमूद होते. औषधाचा हप्ता चुकला तर त्याला तहकुबी नव्हती. तेथे फक्त थकबाकी होती.

या थकबाकीचा सर्वांत दारुण इतिहास इसबाचा नसून महारोगाचा आहे, आणि तो येथे थोडा विस्ताराने सांगणे मला भाग आहे. दोन्ही रोगांत शास्त्रदृष्ट्या काही साम्य नाही. एक जंतूमुळे होतो, दुसरा शरीराच्या स्वतःच्याच अतिजागरूकतेमुळे. परंतु समाजाच्या दृष्टीने ते फार काळ शेजारी राहिले. माझ्या एका आत्याच्या घोट्यावर इसब होता. यावल तालुक्यातल्या आमच्या गावी लग्नाच्या पंगतीत तिचे पान थोडे अंतर ठेवून मांडले जाई, आणि तिला ते कळत असे. मलम लावून चट्टा सुकला की ती डबी उतरंडीच्या मागे ठेवून देई; “आता काय, गेलंच ते,” असे म्हणे; आणि पुढच्या थंडीत तो चट्टा पुन्हा उघडे. तिच्यापुरते पाहता औषध बंद करणे ही हयगय नव्हती. आपण आता रोगी राहिलो नाही हे चारचौघांत सांगण्याचा तिच्यापाशी असलेला तो एकमेव मार्ग होता. खाडा पडण्यामागे मानाची ही ओढ किती असते, हे मला तिच्यामुळे कळले.

महारोगावर चौलमुग्राचे तेल जाऊन सल्फोन औषधे आली ती गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात. डॅप्सोन, जिला खेडोपाडी ‘डीडीएसची गोळी’ म्हणत, ती स्वस्त होती, परिणामकारक होती, आणि रोज घ्यावयाची होती. असांसर्गिक रोग्याने काही वर्षे, सांसर्गिक रोग्याने पुष्कळदा आयुष्यभर. १९५५ साली भारत सरकारने कुष्ठरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि ही गोळी गावोगावी वाटली जाऊ लागली. आता त्या काळच्या पश्चिम खानदेशाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. साक्री, नवापूर, नंदुरबारकडील भिल्ल, मावची, कोकणी कुटुंबे दिवाळी सरली की कोयता घेऊन सुरत जिल्ह्यात बारडोलीकडे उसाच्या फडात जात. तेथे त्यांना ‘खानदेशी’ या एकाच नावाने ओळखत, आणि ती परतत ती उन्हाळा लागल्यावर. अशा माणसाने रोजची गोळी वर्षानुवर्षे अखंड घ्यावी, आणि ती वाटणारा कर्मचारी मात्र महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गावी, ठरलेल्या झाडाखाली उभा राहावा, या योजनेत खाडा रोग्याने पाडला की योजनेने?

परिणाम जगभर सारखाच झाला. १९६४ साली मलायातील सुंगेई बुलो येथील रुग्णालयात पेटिट आणि रीस या संशोधकांनी सिद्ध केले की काही रोग्यांतील जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाले आहेत. आणि पुढील दशकात अशा जंतूंचे प्रमाण देशोदेशी वाढत गेले. एकच औषध, तेही कमी मात्रेत आणि तुटक तुटक घेतलेले, हे त्याचे कारण होते. तेव्हा १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन यांची एकत्रित, म्हणजे बहुविध, उपचारपद्धती सुचवली, आणि पुढील वर्षी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे ‘नियंत्रण’ हे नाव जाऊन ‘निर्मूलन’ हे नाव आले. या पद्धतीचे यश सर्वांनी गाइले आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रोगप्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले हेही नोंदले गेले आहे. मात्र तिच्यातील ज्या एका कलमाला मी मनोमन वंदन करतो, त्याची कोठे फारशी वाखाणणी झालेली नाही. ते कलम आजच्या रूपात असे: असांसर्गिक रोग्याने सहा महिन्यांच्या मात्रा घ्याव्यात, परंतु त्या नऊ महिन्यांत पुऱ्या केल्या तरी चालतील, सांसर्गिक रोग्याने बारा महिन्यांच्या मात्रा अठरा महिन्यांत पुऱ्या केल्या तरी उपचार पूर्ण समजावा. म्हणजे नियम करणाऱ्याने खाडा आधीच गृहीत धरला, त्याचे दिवस आधीच मोजले, आणि त्यांची जागा मुदतीतच राखून ठेवली. महिन्यातून एकदा कर्मचाऱ्यासमोर रिफॅम्पिसिन गिळावयाची, बाकीच्या गोळ्यांची पाकिटे घरी न्यावयाची. फडावर जाणाऱ्याला पुढची पाकिटे बरोबर देता येत. शेतसाऱ्याची तहकुबी औषधाच्या दफ्तरात पहिल्यांदा दाखल झाली ती येथे.

इसबाला मात्र अशी मुदत कोणी बांधून दिली नाही. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर उपयोगी पडते हे दाखवले, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात स्टेरॉइडच्या नळ्या आमच्या कसब्या-कसब्यातील औषधांच्या दुकानांत मिठासाखरेसारख्या विकल्या गेल्या. चिठ्ठी न पाहता, मुदत न सांगता. त्यांचे दुष्परिणाम हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता ज्या औषधांनी हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा केला आहे त्यांच्याकडे वळतो. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची युक्ती शोधली. तिच्यातून जी जैविक औषधे जन्मली, त्यांपैकी ड्युपिलुमॅब या औषधाला मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत इसबासाठी मान्यता मिळाली. इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१३ हे शरीरातील दोन निरोपे त्वचेत दाह पेटवतात. त्यांचा निरोप ज्या दारातून आत शिरतो ते दारच हे औषध अडवून धरते. प्रौढांना आरंभी ६०० मिलिग्रॅम, आणि मग दर पंधरा दिवसांनी ३०० मिलिग्रॅमची सुई कातडीखाली. सुश्रुताचा पंधरवडा दोन सहस्रकांनी असा परत आला आहे हे पाहून मन थक्क होते, आणि त्यासरशी तोच प्रश्नही मनात उभा राहतो: पंधरवडा चुकला तर?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला आहे. सोळा आठवड्यांत चांगला गुण आलेल्या ४२२ रोग्यांना गटांत विभागून पुढे ३६ आठवडे कोणाला दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास, कोणाला चार आठवड्यांनी, कोणाला आठ आठवड्यांनी सुई दिली गेली, आणि एका गटाला औषध नसलेली सुई. रोगाची तीव्रता तीन-चतुर्थांशाने उतरलेली ठेवणे पहिल्या गटात शेकडा ७१.६ जणांना साधले. चार आठवड्यांच्या गटात ५८.३, आठ आठवड्यांच्या गटात ५४.९, आणि औषध पूर्ण थांबलेल्या गटातही ३०.४. या आकड्यांत दोन गोष्टी आहेत. अंतर वाढले की गुण ओसरतो, हे खरे. परंतु तो एका रात्रीत कोसळत नाही, पायरीपायरीने उतरतो, हेही तितकेच खरे. लेब्रिकिझुमॅब या याच वर्गातील दुसऱ्या औषधाच्या परीक्षेत तर, सोळा आठवड्यांनंतर औषध थांबवलेल्या रोग्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांचा गुण वर्ष पुरे होईपर्यंत टिकलेला आढळला.

परंतु सैल अंतराचा एक छुपा धोका आहे. शरीर बाहेरून आलेल्या प्रथिनाला परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. आणि वर सांगितलेल्या पहिल्या परीक्षेत अशी प्रतिपिंडे दर आठवड्यास सुई घेणाऱ्यांत शेकडा १.२, पंधरवड्यास घेणाऱ्यांत ४.३, चार आठवड्यांनी घेणाऱ्यांत ६, आणि आठ आठवड्यांनी घेणाऱ्यांत ११.७ जणांत दिसली. रोज दिसणाऱ्या पाहुण्याला घर ओळखते. फार दिवसांनी येणाऱ्यावर कुत्रे भुंकते. म्हणून एखादी सुई चुकणे आणि सुया सतत लांबवत राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकाराने घाबरून जाण्याचे कारण नाही. दुसऱ्याची सवय लागू देऊ नये.

हे सर्व आकडे ज्या रोग्यांवरून काढले, त्यांच्या घरी शीतपेटी होती आणि वीज होती. हे औषध २ ते ८ अंशांत राखावे लागते. बाहेर काढल्यास २५ अंशांपर्यंतच्या उष्णतेत फार तर चौदा दिवस टिकते. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे सावलीलाही २५ अंश मिळत नाहीत, आणि वीज गेली की शीतपेटीचे कपाट होते. त्यात औषधाची किंमत अशी की केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या माणसाने तिचा विचारही करू नये. आणि ज्या मध्यमवर्गीय घराने कर्ज काढून चार सुया घेतल्या, त्या घरी पाचवी सुई चुकते ती विसराळूपणाने नव्हे. अशा रोग्याच्या केसपेपरवर ‘अनियमित’ एवढा एकच शेरा मारून जो वैद्य पुढच्या रोग्याला आत बोलावतो, तो जुन्या मुकादमाचेच काम करतो.

धुळ्यास भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावास २०१८ पासून स्वतंत्र शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ना उद्या ही औषधे स्वस्त होतील, त्यांचे देशी पर्याय येतील, आणि सातपुड्यातून येणाऱ्या रोग्यालाही ती द्यावी लागतील. त्या दिवसासाठी दोन्हीकडील त्वचारोग विभागांना माझी विनंती आहे की, केसपेपरवर खाड्याचा एक रकाना आजच घालावा, आणि त्याच्या शेजारी कारणाचा दुसरा: फडावर गेला, पैसे नव्हते, वीज नव्हती, घरी लग्न होते, बरे वाटले. दहा वर्षे हे दोन रकाने नेटाने भरले गेले तर सहाच्या नऊ आणि बाराच्या अठरा महिन्यांसारखी एखादी मुदत इसबालाही बांधून देता येईल, आणि ती खानदेशच्या ऋतुमानावर बेतलेली असेल.

रोग्यांनाही एक सांगणे आहे. खाडा लपवू नका. पंधरवड्याची सुई चुकली आणि सात दिवसांच्या आत लक्षात आले तर ती घ्यावी आणि पुढचा दिवस पहिल्या वेळापत्रकाप्रमाणेच ठेवावा. सात दिवस उलटून गेले असतील तर ती सोडून पुढच्या ठरल्या दिवसाची वाट पाहावी. आणि दोन-तीन सुया चुकल्या असतील तर आपल्या मनाने दुप्पट मात्रा न घेता डॉक्टरांकडे जाऊन, का चुकल्या ते खरे कारण सांगावे.